अडलेला बोल्ट काढायचा कसा?

गॅरेजचा धंदा नव्याने सुरू करणाऱ्या तरुणाला पहिला मोठा फटका बसतो, तो बहुधा एखाद्या लहानशा बोल्टमुळे. इंजिनचे काम त्याने उस्तादाच्या हाताखाली चांगले शिकलेले असते. पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लच प्लेट या गोष्टी त्याला डोळे मिटून जमतात. पण कव्हर उघडताना ६ मिमीच्या एका बोल्टचे डोके गोल होते. घाईत पकड लावली की बोल्ट तुटतो. तुटलेला तुकडा काढताना इझीआउट आतच मोडते. दोन तासांचे काम दोन दिवसांवर जाते, मजुरी मात्र ठरली तेवढीच मिळते. वर गिऱ्हाईक नाराज होते ते वेगळेच.

या धंद्यात आपले अनेक तरुण आहेत. त्यांच्यासाठी आजच्या लेखात या एकाच विषयाचा पद्धतशीर विचार करू. सुरुवातीलाच मुख्य नियम सांगून ठेवतो. अडलेला बोल्ट काढण्याचे उपाय अनेक आहेत. त्यांचा क्रम सौम्य उपायाकडून कडक उपायाकडे असावा आणि कोणताही उपाय करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा: "हा उपाय फसला, तर पुढचा उपाय करता येईल का?" उत्तर 'नाही' असेल, तर हात आवरावा. पुढचे सर्व विवेचन या एका नियमावर उभे आहे.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक उदाहरण घेऊ. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून पहाटे मासळी उचलून गावोगाव विकणारा एक विक्रेता आहे असे समजा. त्याची १०० सीसीची मोटारसायकल आहे. मागे मासळीची पेटी, पेटीतून ठिबकणारे खारे पाणी, वर समुद्राची हवा. क्लचच्या बाजूच्या कव्हरातून ऑइल गळते म्हणून तो गाडी घेऊन आला आहे. गॅसकेट बदलायचे, एवढेच काम. एक दिवस गाडी उभी राहिली, तर त्याचा त्या दिवसाचा धंदा बुडतो. अशा गाडीचा एक बोल्ट तुटणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

१. बोल्ट अडतो का?

कव्हर आणि इंजिनचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा असतो, बोल्ट पोलादाचा असतो. दोन निराळे धातू एकमेकांना टेकलेले असताना मध्ये खारे पाणी शिरले, की तिथे बॅटरीसारखी क्रिया सुरू होते. तीत अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत भरते. बोल्टलाही गंज चढतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधली फट आधीच केसाएवढी, तीत हा गंज ठासून बसतो आणि बोल्ट पाचर मारल्यासारखा घट्ट होतो.

दुसरे कारण माणसाच्या हातात असते. मागच्या कारागिराने बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळलेला असतो. तिसरे कारण, काही बोल्टांना कारखान्यातच आटे चिकटवणारे द्रव्य लावलेले असते. ते तेलाने सुटत नाही, उष्णतेने मऊ होते. सायलेन्सरच्या बाजूचे स्टड मात्र वेगळ्या जातीचे. ते रोज तापतात आणि थंड होतात, म्हणून त्यांचा गंज सर्वांत चिवट असतो.

बोल्ट कशामुळे अडला आहे हे आधी ओळखले, की औषध निवडणे सोपे जाते.

२. डोके गोल का होते?

बोल्टच्या डोक्याला सहा बाजू आणि सहा कोपरे असतात. पाना बाजूंवर बसला तर जोर पसरतो. तो कोपऱ्यांवर बसला, तर कोपरे झिजतात. फिक्स पाना फक्त दोन बाजू धरतो आणि जोर दिला की त्याचा जबडा किंचित फाकतो. म्हणून घट्ट बोल्टला पहिला हात कधीही फिक्स पान्याने लावू नये. बारा कोनी रिंग पाना किंवा बारा कोनी गोटी सोयीची असते, कारण ती कशीही बसते. पण ती कोपऱ्यांच्या जवळ पकडते. अडलेल्या बोल्टला सहा कोनी गोटीच हवी.

मापाची चूक हेही मोठे कारण आहे. जुन्या जीपसारख्या गाड्यांत इंची बोल्ट असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ मिमीचा पाना चढतो आणि बसल्यासारखाही वाटतो, पण ०.३ मिमीचा खेळ राहतो. डोके गोल करायला तेवढा खेळ पुरे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, तिथे १९ मिमीचा पाना चालून जातो. म्हणून 'बसला' आणि 'नीट बसला' यांतला फरक हाताने तपासावा. पाना लावून हलका हलवून पाहावा. तो खुळखुळला, तर तो पाना त्या बोल्टचा नव्हे.

फुलीच्या स्क्रूंची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेत हेन्री फिलिप्स याच्या नावाने जो फुलीचा स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला, त्याचा स्क्रू ड्रायव्हर जोर वाढला की खाचेतून वर सरकतो. जुन्या जपानी पद्धतीच्या मोटारसायकलींचे फुलीचे स्क्रू दिसायला तसेच, पण त्यांची खाच थोडी वेगळी असते. त्या स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. त्यांना जपानी मानकाचाच ड्रायव्हर लावावा. साधा लावला, की तो वर उचलला जातो आणि खाच चाटून टाकतो. दोष स्क्रूला दिला जातो, चूक मात्र ड्रायव्हरची असते.

अ‍ॅलन बोल्टमध्ये खाचेत माती आणि ऑइल साचलेले असते. किल्ली पूर्ण आत जात नाही आणि वरच्या कडा गोल होतात. सुईने किंवा बारीक खिळ्याने खाच साफ करणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे, पण ते टाळणारेच जास्त.

३. पाना लावण्यापूर्वी

आपल्या उदाहरणातल्या गाडीकडे वळू. कव्हरचे बोल्ट पाहिल्याबरोबर पाना उचलू नये. पुढील क्रम पाळावा.

पहिले, तारेच्या ब्रशने डोक्याभोवतीचा गंज आणि माती काढावी. दुसरे, गंज सोडवणारे पातळ तेल बोल्टच्या बुडाशी सोडावे आणि थांबावे. हे थांबणेच पुष्कळांना जमत नाही. तेल आट्यांत उतरायला वेळ लागतो. निदान पंधरा मिनिटे द्यावीत. गाडी संध्याकाळी आली असेल, तर तेल सोडून रात्रभर ठेवावी. हे तेल मिळत नसेल तर डिझेल किंवा रॉकेल लावण्याची गॅरेजांत जुनी रीत आहे. तेही काम करते, पण हळू. पेट्रोल मात्र वापरू नये. ते भराभर उडून जाते आणि आग लागण्याचा धोका तेवढा मागे ठेवते.

तिसरे, पितळी दांडा डोक्यावर उभा धरून हातोडीने पाच-सहा हलके ठोके द्यावेत. ठोक्याने गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. चौथे, सहा कोनी गोटी पूर्ण खालपर्यंत बसवावी आणि बोल्ट आधी आवळण्याच्या दिशेला अगदी किंचित ढकलावा. हे ऐकायला उलटे वाटेल. पण गंजाची पकड मोडण्यासाठी दिशेचे बंधन नसते आणि थोडे हललेले आटे मोकळे होऊ लागतात. मग सोडवण्याच्या दिशेला जोर द्यावा. बोल्ट थोडा फिरून पुन्हा जड झाला, तर ओढत राहू नये. अर्धा आटा मागे न्यावा, तेल सोडावे, पुन्हा पुढे आणावा. असा पुढे-मागे हलवत आणलेला बोल्ट सहसा तुटत नाही.

दिशेची खात्रीही करून घ्यावी. सायकलच्या डाव्या पायटेलाप्रमाणे काही ठिकाणी उलटे आटे असतात. काही जुन्या ट्रकांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नटही उलट्या आट्यांचे असत. शंका असेल तर गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल पाहावे.

आता पान्याला पाइप लावण्याविषयी. हिशेब साधा आहे. पान्यावर १५ सेंमी अंतरावर १० किलोचा जोर दिला, की बोल्टवर १.५ किलो-मीटर पीळ पडतो, म्हणजे सुमारे १५ न्यूटन-मीटर. कव्हरचा ६ मिमीचा बोल्ट आवळायला सुमारे १० न्यूटन-मीटर लागतात. त्याच पान्याला ६० सेंमीचा पाइप लावून तेवढाच जोर दिला, तर पीळ सुमारे ६० न्यूटन-मीटर होतो. ६ मिमीचा साधा बोल्ट तिथवर पोचण्याच्या कितीतरी आधी तुटतो. पाइप मोठ्या बोल्टांसाठी आहे. बारीक बोल्टला पाइप लावणे म्हणजे तो तोडायला घेणे.

४. डोके गोल झाले, आता काय?

समजा, इतके करूनही आठ बोल्टांपैकी एकाचे डोके गोल झाले. इथे कारागिराची परीक्षा सुरू होते. पहिला नियम म्हणजे पाना खाली ठेवावा. तोच पाना पुन्हा पुन्हा फिरवल्याने उरलेले कोपरेही जातात. बाकीचे सात बोल्ट आधी काढून घ्यावेत. मात्र त्यामुळे कव्हर एका बाजूला ताणले जात नाही ना, हे पाहावे. मग पुढील उपाय याच क्रमाने करावेत.

(अ) थोड्या लहान मापाची सहा कोनी गोटी ठोकून बसवणे. मिलिमीटरची बसत नसेल तर इंची मापाची चालते का पाहावे. ८ मिमीचे डोके थोडे झिजले असेल, तर ५/१६ इंचाची, म्हणजे ७.९४ मिमीची गोटी त्यावर घट्ट बसते.

(ब) डोके उंच असेल तर कानशीने समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करून लहान पाना लावणे. काम संथ आहे, पण नुकसान काहीच नाही.

(क) ग्रिप प्लायर. हा पकडून कुलूप लागणारा पक्कड अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातील विल्यम पीटरसन या लोहाराने १९२० च्या दशकात बनवला. त्याची पकड पक्की असते, पण ती नीट आवळून लावली तरच. तो घसरला, तर डोके आणखी सोलले जाते. म्हणून जबडा डोक्याच्या पूर्ण उंचीवर बसला पाहिजे.

(ड) अ‍ॅलन बोल्टची खाच गोल झाली असेल, तर किंचित मोठे सहा पाकळ्यांचे टॉर्क्स बिट हातोडीने आत ठोकावे. पाकळ्या धातूत रुततात आणि बोल्ट फिरतो. फुलीच्या स्क्रूला हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावावा. त्याच्या मागे हातोडी मारली, की तो एकाच वेळी आत दाबतो आणि फिरवतो. त्यामुळे ड्रायव्हर खाचेतून वर येत नाही.

(ई) छन्नी. डोक्याच्या कडेला छन्नीने एक खाच पाडावी. मग छन्नी तिरकी धरून बोल्ट सुटण्याच्या दिशेने ठोके द्यावेत. मोठ्या बोल्टला हा उपाय चांगला लागू पडतो. अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरजवळ मात्र सांभाळून. छन्नी सटकली तर गॅसकेटच्या जागेवर चरा उमटतो आणि ऑइलची गळती कायमची मागे लागते.

(फ) वेल्डिंग. डोक्यावर मोठा नट ठेवून त्याच्या भोकातून आत वेल्ड भरावे. याने पकडायला नवे डोके मिळते आणि वेल्डच्या उष्णतेने बोल्ट आतपर्यंत तापून गंजाची पकडही सुटते. नट काळा पडेपर्यंत थांबावे आणि मग हळूहळू पुढे-मागे हलवावे. हा उपाय फार चांगला आहे, पण त्याची पथ्ये आहेत. बॅटरीचे टर्मिनल आधी काढावे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाल्यानंतरच्या गाड्यांत इंजिनचा कारभार इलेक्ट्रॉनिक पेटीवर चालतो. तिचा जोड सोडल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पाडू नये. अर्थची पकड बोल्टच्या अगदी जवळ लावावी. पेट्रोलची टाकी आणि नळी दूर करावी आणि वाळूची बादली हाताशी ठेवावी.

(ग) शेवटी, डोके ड्रिलने कापून टाकणे. हा उपाय वाटतो तेवढा वाईट नाही. डोके गेले की कव्हर निघते, बोल्टवरचा ताण संपतो आणि बाहेर उरलेला दांडा ग्रिप प्लायरने पकडून पुष्कळदा सहज फिरतो. पण तो दांडा पकडता येईल इतका बाहेर उरणार आहे का, हे आधी पाहावे.

५. उष्णतेचा योग्य उपयोग

उष्णता हे फार मोठे हत्यार आहे, पण ती कशाला द्यायची हे समजून घ्यावे. एका अंशाने तापमान वाढले, की एक मीटर अ‍ॅल्युमिनियम सुमारे ०.०२३ मिमी वाढते, पोलाद सुमारे ०.०१२ मिमी. म्हणजे अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ दुप्पट फुगते. अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यात पोलादी बोल्ट असेल तर भोवतीचा भाग तापवावा. भोक मोठे होते, बोल्ट तेवढा वाढत नाही. ६ मिमीच्या भोकात १२० अंशांनी हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. तरी गंजाचा सांधा मोडायला तो मदत करतो.

बिडाच्या इंजिनमध्ये असे होत नाही. बीड आणि पोलाद जवळजवळ सारखेच वाढतात. तिथे नट असेल तर फक्त नट तापवावा. आत अडलेला बोल्ट असेल तर तो तापवून निवू द्यावा आणि दोन-तीनदा हेच करावे. फुगण्या-आकसण्याने गंज फुटतो.

इथे एक गोष्ट शागिर्दांना बजावून सांगावी. लोखंड तापले की लाल होते, त्यामुळे अंदाज येतो. अ‍ॅल्युमिनियम वितळण्यापूर्वी तसे लाल दिसत नाही. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि इंजिनचा मिश्रधातू त्याहून कमी तापमानाला. म्हणजे ज्योत एका जागी धरून ठेवली तर काही इशारा न देता सांगाड्याचा तुकडा खाली गळतो. म्हणून गॅसची ज्योत फिरती ठेवावी किंवा हॉट एअर गन वापरावी. पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो चरचरून लगेच उडाला, की तापमान शंभराच्या वर गेले. आपल्या कामाला त्याहून फार जास्त लागत नाही. जवळ रबरी ऑइल सील असेल तर ते शंभर-सव्वाशे अंशांपलीकडे खराब होऊ लागते. तेव्हा ते बदलण्याची तयारी ठेवावी.

तापवण्याआधी सांडलेले तेल आणि पेट्रोल पुसून घ्यावे. ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावक असते. त्यावर ज्योत पडली की विषारी वायू निघतो. फवारा मारलेल्या जागी ज्योत लावायची नाही, हा नियम करावा.

६. बोल्ट तुटलाच तर

तुटलेला तुकडा वर थोडा दिसत असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे ग्रिप प्लायर किंवा नट-वेल्डिंग हेच पहिले उपाय. तुकडा पृष्ठभागाशी सपाट किंवा आत असेल, तर ड्रिलची पाळी येते. ड्रिलच्या कामात पहिली दहा मिनिटे महत्त्वाची. तुटलेले तोंड शक्य तितके सपाट करावे. बरोबर मध्यावर सेंटर पंच मारावा. मध्य चुकला असेल तर पंच तिरका मारून तो सरकवावा, पण चुकलेल्या खुणेवर ड्रिल लावू नये. अ‍ॅल्युमिनियम मऊ असते, त्यामुळे ड्रिल कडक पोलाद सोडून त्याच्याकडे पळते. एकदा भोक कडेला गेले की मूळ आटे खाल्ले जातात.

६ मिमीच्या बोल्टला आधी बारीक ड्रिल घ्यावे, मग ३ मिमीपर्यंत जावे. ड्रिल धारदार हवे, वेग कमी हवा आणि तेलाचे थेंब पडत राहिले पाहिजेत. उलट्या दिशेने कापणारे ड्रिल मिळाले तर उत्तम. भोक पाडता पाडताच कधी कधी तुकडा फिरून बाहेर येतो.

आता इझीआउट. या हत्याराने जितके बोल्ट काढले असतील, तितकीच इंजिने अडचणीत आणली असतील. कारण समजून घ्या. जो बोल्ट त्याच्या पूर्ण जाडीनिशी फिरला नाही आणि तुटला, तो आता त्याच्या निम्म्या जाडीच्या, ठिसूळ पोलादाच्या हत्याराने फिरवायचा आहे. शिवाय निमुळते इझीआउट आत रुतताना पोकळ झालेल्या बोल्टला बाहेरच्या बाजूने फुगवते. म्हणजे तो भोकात आणखी घट्ट होतो. म्हणून इझीआउट लावण्याआधी तेल आणि उष्णता दोन्ही देऊन झालेली असावीत. दोन्ही हातांचा सारखा जोर द्यावा. इझीआउट स्प्रिंगसारखे पिळू लागले आणि तुकडा हलत नसेल, तर तिथेच थांबावे.

कारण इझीआउट आत मोडले, की पुढचा साधा मार्ग बंद झाला. साध्या ड्रिलने ते कापले जात नाही. मग कार्बाइडचे हत्यार किंवा ठिणगीने धातू झिजवणारे यंत्र शोधावे लागते. हे यंत्र टूलरूममध्ये असते. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अशा यंत्राचा एक प्रकार तयार झाला, तो अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागांत मोडलेले टॅप आणि ड्रिल काढण्यासाठीच. म्हणजे ही अडचण आजची नाही. पण त्यासाठी इंजिन उतरवून न्यावे लागते आणि आपला मासळी विक्रेता तोवर घरी बसतो.

इझीआउटपेक्षा सुरक्षित मार्ग असा. भोक बरोबर मध्यावर असेल, तर ते हळूहळू वाढवत ५ मिमीपर्यंत न्यावे. ६ मिमीच्या टॅपसाठी ड्रिलचे माप ५ मिमीच असते. ८ मिमीच्या साध्या टॅपला ६.८ आणि १० मिमीच्या टॅपला ८.५ मिमीचे ड्रिल लागते. तेवढे भोक झाले की बोल्टची फक्त पातळ भिंत उरते. ती सुईने सोलून काढावी आणि टॅप फिरवून मूळ आटे साफ करावेत.

स्वतःच्या हाताने मध्य साधेल याची खात्री नसेल, तर इथे लेथवाल्याकडे किंवा खड्या ड्रिल मशिनवाल्याकडे जाण्यात कमीपणा नाही. तुकडा अजून शाबूत असताना गेलो, तर त्याचे काम थोडक्यात होते. सगळे उपाय करून बिघडवल्यावर गेलो, तर तोही हात टेकतो.

७. आटे गेले असतील तर

भोकातले आटेच गेले, तर एक सवय पाहायला मिळते. जाड बोल्ट ठोकून बसवायचा किंवा आट्यांत दोरा आणि चिकट पदार्थ भरायचा. गाडी गॅरेजच्या दारातून बाहेर जाते, पण महिन्याभरात परत येते. बरोबर मार्ग म्हणजे तारेच्या स्प्रिंगसारखे आटे बसवणे. याला बाजारात हेलिकॉइल या नावाने ओळखतात. किटबरोबर आलेलेच ड्रिल आणि टॅप वापरावे. भोक सरळ ठेवावे, किटच्या टॅपने आटे पाडावेत, भुकटी हवेने उडवावी आणि स्प्रिंग पृष्ठभागाच्या किंचित खाली बसेपर्यंत फिरवावी. शेवटी तिची आडवी शेपटी मोडून बाहेर काढायला विसरू नये. ती इंजिनमध्ये पडली तर नवे काम उभे राहते. नीट बसवलेले हे पोलादी आटे अ‍ॅल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ असतात.

ड्रिल करताना निघणारी भुकटी इंजिनच्या आत जाऊ नये म्हणून आजूबाजूची भोके कापडाने बंद करावीत आणि ड्रिलला ग्रीस लावावे. भुकटी ग्रीसला चिकटून बाहेर येते. डोळ्यांवर चष्मा हवाच. ड्रिल चालवताना हातमोजे घालू नयेत, ते गुंडाळले जातात.

८. परत बसवताना

आजचा अडलेला बोल्ट हा मागच्या कारागिराच्या हातचा आहे. आपण बसवलेला बोल्ट पुढच्या कोणाला तरी काढायचा आहे, बहुधा आपल्यालाच. म्हणून डोके झिजलेला बोल्ट पुन्हा वापरू नये. नवा बोल्ट त्याच लांबीचा, त्याच आट्यांचा आणि त्याच ताकदीचा घ्यावा. डोक्यावर ८.८ असा आकडा असतो, तो त्या बोल्टची ताकद सांगतो. आधी बोटांनी चार-पाच आटे फिरवावेत. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका लागला आहे. पान्याने रेटू नये.

समुद्राजवळच्या गाड्यांच्या कव्हर बोल्टांना आट्यांवर थोडे ग्रीस लावावे. सायलेन्सरच्या स्टडांना उष्णता सोसणारे तांब्याचे ग्रीस लावावे. मात्र ग्रीस लावलेला बोल्ट तेवढ्याच जोरात जास्त ताणला जातो. म्हणून कोरड्या बोल्टाचे माप तिथे पूर्ण वापरू नये. जिथे मॅन्युअल कोरडे आटे सांगते, तिथे काहीही लावू नये. टॉर्क पाना महाग वाटतो, पण एका इंजिनचे आटे वाचले की त्याची किंमत बरीचशी वसूल होते.

९. गिऱ्हाइकाशी बोलणे आणि हिशेब

हा भाग शेवटी लिहिला असला, तरी तो कामाच्या सुरुवातीचा आहे. गाडी आली की गंजलेले बोल्ट गिऱ्हाइकाला दाखवावेत, मोबाइलवर त्यांचा फोटो काढून ठेवावा आणि स्पष्ट सांगावे: "कव्हरचे काम इतक्या वेळाचे आणि इतक्या मजुरीचे. बोल्ट सरळ सुटले तर एवढेच. एखादा तुटला तर इतका वेळ आणि इतका खर्च वाढेल." दोन्ही आकडे आधी सांगितले, की नंतर वाद होत नाही. ड्रिल किंवा वेल्डिंग करण्याआधी पुन्हा एकदा विचारावे. गाडी ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे, तिच्यावर असा उपाय मालकाला न विचारता करता येत नाही.

आणि बोल्ट आपल्याच चुकीने तुटला तर? चुकीचा पाना लावला, पाइप घातला, तेल सोडून थांबलो नाही, तर ते नुकसान आपले. ते बिलात लपवू नये. गंजाने तुटला आणि आपण क्रम पाळला असेल, तर त्याची मजुरी मागण्यात संकोच करू नये. कामाच्या वहीत प्रत्येक अडलेल्या बोल्टमागे किती वेळ गेला ते लिहीत जावे. सहा महिन्यांनी वही पाहिली, की कोणत्या गाड्यांत किती वेळ जातो हे कळते आणि दर अंदाजाने नव्हे, हिशेबाने सांगता येतो.

शागिर्दांना शिकवण्यासाठी भंगारवाल्याकडून एखादे जुने गंजलेले इंजिन आणून ठेवावे. त्यावर बोल्ट तोडू द्यावेत, ड्रिलचा मध्य साधू द्यावा, टॅप फिरवू द्यावा. गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकलेला धडा महाग पडतो.

आपल्या उदाहरणातला मासळी विक्रेता दुसऱ्या दिवशी पहाटे बंदरावर पोचला पाहिजे, हे ध्यानात ठेवले की हात आपोआप सावध होतो. तेल सोडून अर्धा तास चहाला जाणारा कारागीर वेळ वाया घालवतो असे पाहणाऱ्याला वाटते. संध्याकाळी त्याचीच गाडी वेळेवर दाराबाहेर पडते.